मटणाला कॉफी

ऑस्टिन, टेक्सास

प्रिय सुन्या,

पत्राला उशीर झाला. शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. आम्ही बरे आहोत. माझी शुगर होती तिथंच, हिचा गुडघा दुखतो. झालं.

आता खरं कारण. इथं कुणाला सांगितलं तर हसतील, आणि हिला सांगितलं तर ती सईला सांगेल. रविवारी माझ्याच परसात, आमच्या सईनं पसंत केलेल्या त्या टेक्सासवाल्या पोरानं मटणाला कॉफी चोळली. प्यायची कॉफी, लेका! आणि ते मटण चांगलं झालं. कॉफीचं काही नाही, पण चांगलं झालं ह्यानं माझी झोप उडालीय.

मेंढ्याचा खांदा, हाडासकट. आदल्या रात्री नुसतं मीठ लावून फ्रीजमध्ये उघडा ठेवला. सकाळी मसाला: काळपट भाजलेली कॉफी पिठासारखी दळून, जाडसर काळी मिरी, ब्राऊन शुगर, पॅप्रिका आणि आंचो नावाची सुकी मेक्सिकन मिरची. तिला तिखटापेक्षा मनुकांचाच वास जास्त. शेवटी जिरं पडलं तेव्हा मला जरा धीर आला. विचारलं, कॉफीनं मटण मऊ पडतं काय रे? म्हणाला, छे, मऊ पडतं ते वेळानं. मीठ आत जातं, कॉफी वरच राहते, तिचं काम वर जी कडक साल धरते तेवढ्यापुरतं. पोरगं थापाडं निघालं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

मग पोस्ट ओकच्या लाकडाचा धूर, भट्टी १२० अंशांवर, आणि आम्ही दोघं खुर्च्या टाकून. मटणाचं आतलं तापमान ७० च्या आसपास गेलं आणि तिथंच बसलं. तास गेला, दुसरा गेला, काटा हलेना. आपल्याला घाम आला की अंग गार पडतं, तसं मांसातलं पाणी उडताना त्याला गार ठेवतं, म्हणून अडतं म्हणे. मी म्हटलं कुकर आणतो, चार शिट्ट्यांत सुटेल. हसला बिचारा, खांदा कागदात गुंडाळला आणि परत आत सारला. ९५ ला काढला. हाड दोन बोटांनी ओढलं, तर स्वच्छ बाहेर.

वरची साल काळीकुट्ट. मनात म्हटलं, करपलं. तोंडात टाकलं आणि सुन्या, थेट पन्हाळा! तू जाळलेलं आणि 'मुद्दाम खरपूस केलंय' म्हणून शिर्क्याच्या गळी उतरवलेलं ते खोबरं. तोच मागनं येणारा, गोडाला धरून राहणारा कडवटपणा. तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही हां. तू जाळलंस, ह्यानं भाजलं. आणि त्या रात्री पातेलं कुणी घासलं हे अजून ठरायचंय.

त्याची आजी टेनेसीची. तिकडं हॅम तव्यावर परतून झालं की त्याच तव्यात काळी कॉफी ओततात आणि खरवड सोडवून पातळ कालवण करतात. रेडआय ग्रेव्ही. म्हणजे कॉफी-मांसाची सोयरीक त्यांच्याकडं जुनी आहे, पोरगं फॅड करत नाही. हे कळल्यावर आणखीच पंचाईत.

सोयरीक म्हटली आणि मुद्द्यावर आलो. पुढच्या महिन्यात आप्पा येतायत. सई म्हणते त्यांना हाच खांदा खिलवायचा, आणि जेवणानंतर तो लग्नाचं विचारणार. आप्पांसमोर! अरे, रस्सा नाही ह्याला. सुकं मटण असतं आपल्यात, पण शेजारी तांबडा-पांढरा असतोच ना? इथं पांढऱ्या पावाचे दोन तुकडे आणि आंबवलेली काकडी. शिर्क्याच्या लग्नात उठले होते तसे ताटावरनं उठतील. गोरा जावई आप्पा पचवतील, बिनरश्श्याचं मटण नाही. मी पांढरा रस्सा वेगळा करतो म्हटलं, तर सई म्हणते तुम्ही त्याच्या स्वयंपाकात नाक खुपसताय. खुपसतोयच. पोरीचा बाप आहे मी.

मला हे लग्न हवंय का, ते मलाच नीट कळेना. पण अडलेल्या काट्याजवळ न चिडता बसून राहणारं पोरगं आपल्या आळीत तरी मी पाहिलं नाही. तू आणि मी तर झाकण काढून काढून आग विझवली असती.

आप्पा तुझं ऐकतात. दुकानावर आले की हळूच कानावर घाल. कॉफीचं नाव काढू नको, 'काळा मसाला' म्हण. कळलंच आणि झोप उडेल म्हणाले, तर सांग, अख्ख्या खांद्याला दोन-तीन चमचे, वाट्याला घोटभरही येत नाही.

तू करून बघणारच, म्हणून सांगतो. चिकोरीची कॉफी घेऊ नको. इन्स्टंटचा ओलाव्यानं चिकटा होतो. उरलेला चोथा वापरायची काटकसर तर करूच नको, चव गेलेली असते आणि दाताखाली कचकच. आच मंद ठेव.

दुकानाच्या दाव्याची तारीख पडली का? पिंट्यानं शेवटी कुठं प्रवेश घेतला? वहिनींना नमस्कार.

आप्पांच्या बॅगेत किलोभर कांदा-लसूण मसाला दे. वहिनींच्या हातचा, तुझ्या नको.

तुझा,
दिग्या