गाळ्याचं टोकन देण्याआधी वाच

प्रिय मन्या,

इथल्यासारखं फडक्यातून गाळलेल्या कॉफीचं दुकान काढायचं म्हणतोस, त्याबद्दलच्या तुझ्या तीन मेसेजांना उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता वगैरे काही नाही, उत्तर तुला आवडणार नाही म्हणून टाळत होतो. गुडघा बरा आहे. आता मुद्द्याचं.

काल इथे टोकियोत मेट्रोच्या तोझाई लाईनने कुदानशिताला उतरून जिंबोचोला गेलो, त्याच आठ खुर्च्यांच्या कॉफीच्या दुकानात. त्याचं मी रंगवून केलेलं वर्णन ऐकूनच तू गाळे बघत हिंडायला लागलास ना? काल कॉफी कमी प्यायलो आणि ती करणाऱ्या दुकानदाराचे हात जास्त बघितले. एक गोष्ट आधी कबूल करतो. फ्लॅनेलच्या कापडावर फेस अजून वर असतानाच त्याने कापड उचलून बाजूला ठेवलं, शेवटचं पाणी कपात उतरूच दिलं नाही. तो शेवटचा निचरा कडू आणि तुरट असतो. कोथरूडच्या स्वयंपाकघरात मी फडकं पिळायचो आणि तू बोंबलायचास. तू बरोबर होतास. चिकोरीच्या बाबतीत मात्र अजूनही चूकच आहेस.

तर तुझं म्हणणं, ‘एक माणूस, एक काउंटर, फडकं आणि किटली, त्यात काय अवघड?’ हे ऐक. डार्क रोस्ट, 25 ग्रॅम पूड, 80 ते 85 अंशांचं पाणी, आणि हाती येतात जेमतेम 100 मिली. सुरुवातीला पाणी थेंबाथेंबाने, मग सुतासारख्या बारीक धारेने, मधोमध. पूड घुमटासारखी फुगते, आणि धार त्या घुमटाच्या कडेला लागली की पाणी पुडीला बगल देऊन कापडातून पळतं. बी कालच भाजलेली असेल तर वायू इतका सुटतो की पाणी आत शिरतच नाही, आणि जुनी असेल तर फुगतच नाही. दळण्यापासून कप समोर ठेवेपर्यंत पाच मिनिटं धर. आठही खुर्च्या एकदम भरल्या तर शेवटच्याला चाळीस मिनिटांनी कॉफी. इथे तो चाळीस मिनिटं गप्प बसतो. आपल्याकडे सुध्या चौथ्या मिनिटाला काउंटरच्या आत येऊन उभा राहील.

आणि ते कापड! नवं कोरं असेल तर वापरलेली पूड घालून उकळायचं, म्हणजे खळ निघते. रोज फक्त पाण्याने धुवायचं, साबण अजिबात नाही, आणि वाळू द्यायचं नाही. पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं, ते पाणी रोज बदलायचं. एकदा वाळलं की धाग्यात अडकलेलं कॉफीचं तेल खवट होतं आणि पुढचा प्रत्येक कप खवट लागतो. निचरा मंदावला की कापड बाद. लव आत ठेवायची की बाहेर, यावर इथल्या दुकानदारांतही दोन तट आहेत, म्हणजे आपल्या भांडणाची सोय झाली.

पाणी कुठलं वापरणार? इथलं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, म्हणून यांना फार डोकं चालवावं लागत नाही. तुझ्या गाळ्याला बोअरिंग आहे म्हणालास. जड पाण्यात कॉफीची आंबट चव मरते आणि खडू चाटल्यासारखं लागतं. नुसतं आरओचं घेतलंस तर क्षार जवळपास संपलेले, मग कॉफी मिळमिळीत. दोन्ही मिसळून चव घेत प्रमाण ठरवावं लागेल, आणि उन्हाळ्यात बोअरिंग बदललं की पुन्हा.

खरी काळजी मात्र भाजण्याची आहे. अशी बरीच दुकानं कपांवर चालत नाहीत, बी विकून चालतात. कोपऱ्यात एक किलोचा रोस्टर, आणि 100 किंवा 200 ग्रॅमच्या पिशव्या. डार्क भाजताना किलोमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन उडतं. उरलेल्या आठशेतून 25 च्या हिशेबाने 32 कप, तेही एक थेंब न सांडता. त्यात किडकी, काळी, फुटकी बी हाताने निवडून टाकायची, भाजण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, ती घट वेगळी. डार्क भाजलं की धूर होणारच. तुझ्या डोक्यावर चार मजल्यांची सोसायटी आहे, मन्या! धुराड्यात बियांचं टरफल साठतं, वेळेवर झाडलं नाही तर तेच पेटतं. सेक्रेटरीची एनओसी टोकनच्या आधी घे, नंतर नको.

इथे गिऱ्हाईकही दुकान चालवतं, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. माणशी एक ऑर्डर घ्यायचीच, लॅपटॉप उघडायचा नाही, फोटो विचारून, पैसे छोट्या ताटलीत, टिप नाही, कप संपला की थोड्या वेळाने उठायचं. आपली सहा जणांची टोळी तीन कप मागवून तीन तास बसायची, आठवतंय ना? तसे गिऱ्हाईक आपणच होतो.

गिन्झामधलं काफे द लांब्र 1948 पासून कॉफी सोडून काही विकत नाही. तू लगेच त्याचं उदाहरण देशील, म्हणून आधीच लिहून टाकतो: तिथे मालक शंभरी ओलांडेपर्यंत दुकानात येत होते. तू दुपारी दोन ते चार झोपतोस.

घ्यायचाच असेल तर रोस्टर पहिल्या वर्षी नको. भाजलेली बी चिकमगळूरहून मागव, कागदी फिल्टरवर सुरू कर. 20 ग्रॅमला 300 मिली, जाडसर दळलेली, पाच वेळा 60-60 ओतायचं, साडेतीन मिनिटांत कप तयार. ही तेत्सु कासुया या जपानी कॉफीवाल्याची रीत, 2016 ची कॉफी गाळण्याची जागतिक स्पर्धा त्याने हिच्यावर जिंकली. दोन कप शेजारीशेजारी लावता येतात. कापड फक्त रविवारी काढ. आणि काकूंची जायफळाची कॉफी मेनूवर ठेव, उपासाच्या दिवशी गर्दी होईल. थट्टा करत नाहीये.

ईशाला दहावीबद्दल शाबासकी सांग. काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? बाबांना नमस्कार.

एनओसीचं काय झालं ते कळव.

तुझा,
विन्या

ता. क. सुध्याबरोबर फ्लॅनेलची तीन कापडं पाठवतोय. वहिनींना आधीच सांगून ठेव, ती ओटा पुसायची नाहीत.