आठवण : शनिवारचा इन्चार्ज सिस्टरांचा वर्ग

सर्व इन्चार्ज सिस्टर आणि ब्रदर यांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी १०.३० वाजता जळगावला आपला वर्ग आहे. विषय : पुराव्यावर आधारित शुश्रूषा वॉर्डात आणायची कशी आणि हाताखालच्या स्टाफला सोबत कसं घ्यायचं. नाव जड आहे, काम रोजचंच : सवयीने नाही, तर संशोधनात जे सिद्ध झालंय त्याप्रमाणे रुग्णाची काळजी घ्यायची.

ऑपरेशनआधी ब्लेडने केस काढणं घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय, केस काढू नका. अगदीच गरज पडली तर क्लिपर (केस कापायचं मशीन) वापरा, ब्लेड नकोच. ब्लेडने कातडीला बारीक ओरखडे पडतात, जंतूंना तेवढंच पुरतं. हे वाचूनही मी स्वतः कितीतरी दिवस तयारीच्या ट्रेमध्ये ब्लेड ठेवत होते. का, तर "आधीपासून असंच आहे".

तुमच्या वॉर्डातलं असं एक "आधीपासून असंच" लिहून आणा. रुग्ण कोणता, आत्ता आपण काय करतो, त्याऐवजी काय करता येईल आणि फरक कशात मोजायचा, एवढ्या चार ओळी पुरे. "स्टाफ कमी आहे" हे मात्र आणू नका. खरं आहे, पण त्याचं उत्तर या वर्गात मिळणार नाही.

नाईट करून थेट येऊ नका, ड्यूटी आधीच बदलून घ्या. धडगाव, अक्कलकुवाकडच्यांनी शुक्रवारीच मुक्कामाला या. सोय केली आहे, फक्त बुधवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. जेवणात भरीत-पुरी आहे, डबा आणू नका.