वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी चार रविवार देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या महाल भागातील आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची गेल्या महिन्यापासून संकेतस्थळावर दिसू लागली आहे. पुस्तक आहे की नाही हे वाचक आता घरूनच पाहून येतात आणि भर उन्हात आलेल्या कोणाला रिकाम्या हाताने परत जावे लागत नाही. कार्यकारिणीने आपल्या आभाराचा ठराव केला आहेच. परंतु आपण काय केले ते ठरावाच्या दोन ओळींत मावत नाही, आणि आमच्यासारख्या इतर लहान संस्थांनाही ते कळावे अशी इच्छा असल्यामुळे हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपण त्या दिवशी पुस्तक बदलायला आला होतात. माझ्यासमोर कागदावर वर्डप्रेस, विक्स, स्क्वेअरस्पेस, गुगल साइट्स, जूमला अशी संकेतस्थळ बनवण्याच्या साधनांची पाच नावे होती. ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून एकेक सुचवले होते आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटत होते. यांतले सर्वांत चांगले कोणते, असे मी आपल्याला विचारले. आपण उत्तर दिले नाही, उलट दोन प्रश्न विचारले. हे संकेतस्थळ रोज कोण सांभाळणार, आणि दोन वर्षांनी ते दुसरीकडे हलवायचे ठरले तर आपली यादी आपल्याबरोबर येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते: मी आणि आमचे ग्रंथपाल, दोघेही नवशिके. दुसरा प्रश्न आजवर आम्हाला कोणी विचारलाच नव्हता.

तो विचारला गेला असता तर आमचे पहिले संकेतस्थळ गेले नसते. काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाने ते करून दिले होते, पण डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, त्याच्याच ईमेलवर नोंदवलेले होते. नूतनीकरणाची सूचना आमच्यापर्यंत पोहोचली नाही, मुदत संपली आणि एके सकाळी आमच्या पत्त्यावर भलतेच पान उघडले. मारबतीच्या मिरवणुकीची सभासदांनी दिलेली जुनी छायाचित्रे फक्त तिथेच होती, ती परत मिळाली नाहीत. हे सांगताना माझा आवाज चढला होता. आपण शांतपणे ऐकून घेतलेत आणि सॉफ्टवेअरचा विषय बाजूला ठेवून आधी वाचनालयाच्या नावाने, वाचनालयाच्या स्वतंत्र ईमेलवर डोमेन नोंदवायला लावलेत. सॉफ्टवेअर बदलता येते, पण पत्ता आपल्या मालकीचा नसेल तर काहीच आपले नसते, हे आपले वाक्य मी नोंदवहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहे.

नंतरच्या रविवारी आपण जी परीक्षा लावलीत ती कोणत्याही नवशिक्याने करावी अशी आहे. पंचवीस पुस्तकांची यादी, दोन छायाचित्रे आणि वेळापत्रकाची एक सूचना, एवढाच मजकूर आम्ही गुगल साइट्स, विक्स आणि वर्डप्रेस डॉट कॉम या तिन्हींच्या विनामूल्य खात्यांवर चढवला. गुगल साइट्सचे काम तासाभरात झाले; गुगल शीटमधली यादी थेट पानात बसवता आली, मात्र मांडणीत फारसे काही बदलता येत नव्हते. विक्सवर पान सर्वांत देखणे झाले. उचलून हवे तिथे ठेवावे इतके ते सोपे होते, आणि ग्रंथपालांचे मन तिथेच बसले होते. त्यानंतर आपण आम्हाला सांगितलेत की आता हे सगळे बाहेर काढून दाखवा. विक्सवर बांधलेली पाने विक्सच्याच सर्व्हरवर चालतात, ती उचलून दुसरीकडे चालवता येत नाहीत, हे त्या कंपनीच्या मदतपानावरच लिहिलेले आपण दाखवलेत. वर्डप्रेसमधून सगळ्या मजकुराची एक एक्सएमएल फाइल, म्हणजे दुसरीकडे नेता येणारी साध्या मजकुराची फाइल, मिळाली. तीही आपण उघडून दाखवलीत: आत छायाचित्रांचे केवळ पत्ते होते, छायाचित्रे नव्हती, म्हणून त्यांची प्रत वेगळी उतरवून घ्यावी लागते. आधीची छायाचित्रे गमावलेल्या माणसाला ही एक गोष्ट किती मोलाची वाटली असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

वर्डप्रेसच्या दोन रूपांचा गोंधळही आपणच सोडवलात. २००३ साली मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येईल असे, आहे. ते वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून उतरवून कोणत्याही होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी घेतलेल्या जागेवर, बसवता येते, पण मग अद्ययावत करणे, प्लगिन म्हणजे जोडसुविधा सांभाळणे आणि बॅकअप घेणे ही कामे आपल्या अंगावर येतात. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची सेवा असून तिथे ती देखभाल कंपनी करते आणि त्याचे पैसे घेते. आम्हा दोघांना झेपेल ते पाहून आम्ही डॉट कॉमची आमचे डोमेन जोडता येईल अशी साधी सशुल्क योजना घेतली. उद्या एखादा जाणता तरुण कार्यकारिणीत आला, तर तीच फाइल घेऊन आम्ही स्वतःच्या होस्टिंगवर जाऊ शकतो. पैसे भरण्याआधी पहिल्या वर्षाची सवलत बाजूला ठेवून दुसऱ्या वर्षाची रक्कम, करासह, कागदावर मांडायला आपण लावलेत, त्यामुळे कोषाध्यक्षांची संमतीही लगेच मिळाली.

खरे कष्ट यादीचे होते. आमची ग्रंथसूची जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती; युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे तीच राहतील अशी सर्वमान्य पद्धत, त्यात नव्हती. संगणकावर ती मराठी दिसत असे, पण पानावर चिकटवताच इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची रांग उमटली आणि माझा धीर सुटला. आपण परिवर्तक वापरून यादी युनिकोडमध्ये आणलीत आणि मग एकेक ओळ मूळ रजिस्टरशी ताडून पाहिलीत, कारण परिवर्तनात रफार आणि जोडाक्षरे जागा सोडतात. फॉन्ट निवडताना आपण एकच ओळ टंकली होती: ‘दुसऱ्या तऱ्हेच्या वाऱ्याची झुळूक’. ज्या फॉन्टमध्ये ऱ्या आणि ऱ्हे नीट उमटेना, तो लगेच बाद. शेवटी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट ठरला. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीत आपण दाखवलेली आस्था पाहून मला आपल्याविषयी सर्वाधिक आदर वाटला. मराठी वाचनालयाच्या पानावर मराठी मोडकी दिसावी हे मलाही सहन झाले नसते.

चौथ्या रविवारी मुख्य पानावर मी वाचनालयाच्या इमारतीचे नवे छायाचित्र मोठ्या हौसेने लावले होते. आपण आमच्या शिपाईमामांचा जुना मोबाइल मागून घेतलात, वायफाय बंद केलेत आणि पान उघडायला सांगितलेत. कूलरच्या आवाजात आम्ही चौघे त्या छोट्या पडद्यावर फिरणारे चक्र बघत उभे राहिलो. छायाचित्र सहा एमबीचे होते. आपण ते दोनशे केबीवर आणलेत आणि पान लगेच उघडले. आमचे बहुतेक सभासद याच तऱ्हेच्या फोनवर यादी पाहतात, आणि आता ती त्यांना दिसते.

ताई, आपण मनात आणले असते तर एका संध्याकाळी सगळे स्वतः करून दिले असतेत. त्याऐवजी माउस आमच्या हाती दिलात, आम्ही चुकलो तेव्हा थांबलात, आणि निवडही आम्हालाच करू दिलीत. त्यामुळेच नवीन आलेल्या ग्रंथांची नोंद ग्रंथपाल आता स्वतः करतात आणि त्यासाठी आम्हाला कोणाला फोन करावा लागत नाही. आपण मानधन घेतले नाही. चहाही दोनदाच घेतलात.

डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आवक-जावक रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिली आहे. १ तारखेला मजकुराची फाइल आणि छायाचित्रांची प्रत दोन्ही उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली आणि ती कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे. किल्ली ग्रंथपालांकडे असते. पुढच्या वेळी पुस्तक बदलायला याल तेव्हा ती फाइल एकदा उघडून पाहावी, एवढी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
मानद कार्यवाह
महाल, नागपूर