नोकरी सोडण्याआधी

चि. सईस,

अनेक आशीर्वाद. आत्याला मी अजून काही बोललेलो नाही. राजीनाम्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. फोनवर तू नाटककार गिरीश कर्नाडांचा दाखला दिलास, त्यांनीही लिहिण्यासाठी नोकरी सोडली म्हणालीस, तेवढ्याबद्दल लिहितो.

त्यांनी नोकरी सोडली हे खरं, पण कधी? १९६३ मध्ये ऑक्सफर्डहून परतल्यावर ते मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये लागले. ‘तुघलक’ नाटक १९६४ चं, म्हणजे पगार चालू असतानाचं. १९७० मध्ये बाहेर पडले तेव्हा होमी भाभा फेलोशिप मिळालेली होती. तुझ्या हाती काय आहे? बघ, आलोच तिथे. रागावू नकोस.

मला खरं कौतुक त्यांच्या आईचं. कृष्णाबाई तरुणपणी विधवा झाल्या, पदरात मुलगा, तरी नर्सिंग शिकल्या. डॉ. रघुनाथ कर्नाडांशी लग्न करायला लोकांच्या धाकाने पाच वर्षं थांबल्या. गिरीशच्या वेळी दिवस गेले तेव्हा मूल नको म्हणून नवराबायको पुण्याला दवाखान्यात गेली. डॉ. मधुमालती गुणे तासभर वाट पाहूनही आल्या नाहीत, म्हणून परतली. १९३८ मध्ये माथेरानला मुलगा झाला. पुढे आईनेच हे त्यांना जेवता जेवता सांगितलं आणि त्यांनी आत्मचरित्र गुणेबाईंना अर्पण केलं. आपल्याकडे ताटावर इतकं मोकळं कोण बोललंय?

‘ययाती’ १९६० चं, विलायतेला निघण्याआधीचं. घरच्यांच्या अपेक्षा मानेवर होत्या. व्हायचं होतं इंग्रजी कवी, लिहून झालं कन्नड नाटक. त्यात बाप तारुण्य मागतो, मुलगा पुरू देतो, आणि पुरूची बायको चित्रलेखा जीव देते. तुला थांब म्हणताना मीही असंच काही मागतोय का, या विचाराने झोप लागत नाही. तुझा दुसरा अंक दोनदा वाचला. आजीचे संवाद तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवले. सई, फार चांगलं लिहिलंयस.

तरी ऐक. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपेल. स्वतःची पॉलिसी आधीच घे, दम्यासाठी थांबण्याची मुदत घालतील आणि ती तोवर सुरू तरी होईल. पीएफला हात लावू नकोस. सहा महिन्यांचं भाडं आणि खर्च वेगळ्या खात्यात ठेव. नोटीस तीन महिन्यांची आहे ना? मग तालमी लागल्यावरच दे. पुरे, उपदेश फार झाला, माफ कर.

प्रयोगाची तारीख ठरली की कळव, गाडीचं आरक्षण करायला हवं.

तुझा,
बाबा