जोडता आलेल्या हातांनी

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. पत्राच्या आरंभी हे दोन शब्द मी आयुष्यभर सवयीने लिहीत आले आहे. आज मात्र ते अक्षरशः खरे आहेत, कारण दोन्ही तळहात एकमेकांना पूर्ण टेकवून हात जोडता येणे म्हणजे काय, हे तुमच्यामुळे मला कळले.

पाय घसरला, सावरण्यासाठी उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले की सारे पूर्ववत होईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जो हात बाहेर आला तो माझा वाटतच नव्हता. तो बारीक झाला होता, कातडीचे पापुद्रे निघत होते आणि बोटे अशी ताठरली होती की मूठ मिटेना. फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी तुमच्यासमोर मी रडले, ते केवळ दुखण्यामुळे नव्हे. त्या सहा आठवड्यांत माझ्या मनातून प्रार्थनाच निघून गेली होती. हात जोडता येत नव्हते हे तर होतेच, पण ज्याच्यापुढे जोडायचे त्याच्याविषयीही काही वाटेनासे झाले होते. हे मी घरात कोणाजवळ बोलले नव्हते. तुमच्याजवळ कशी बोलून गेले, कोणास ठाऊक.

तुम्ही त्यावर उपदेश केला नाहीत, याबद्दल मी तुमची सर्वांत अधिक ऋणी आहे. तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि सांगू लागलात की एका हातात मनगटासह 27 हाडे असतात, त्यांतली 8 एकट्या मनगटात असतात, आणि बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या भागात असतात व लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी ते बोटांना ओढतात. मग माझ्या डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराखाली ठेवायला लावून तुम्ही करंगळी हलवायला सांगितलीत. करंगळी जेमतेम हलली, पण त्वचेखाली, इतक्या दूरवर, एक बारीकशी थरथर मला जाणवली. जन्मापासून हा हात वापरत असूनही मी त्याच्याकडे असे कधी पाहिले नव्हते.

त्याच दिवशी तुम्ही वहीचे सांगितलेत. काल या हाताला जे जमले नाही आणि आज जमले, ते रोज रात्री एका ओळीत लिहायचे. डाव्या हाताने लिहिले तरी चालेल. ती वही आता माझ्यासमोर उघडी आहे. पहिल्या पानांवरची अक्षरे वेडीवाकडी आहेत. “किल्ली अर्धी फिरली.” “रुमाल पिळला, दोन थेंब पडले.” “गळ्याजवळचे बटण लागले.” ही शेवटची ओळ वाचताना अजूनही मला भरून येते. बटण चिमटीत धरायचे, काजाच्या तोंडाशी तिरपे करायचे, मागून मधल्या बोटाने हलकेच ढकलायचे आणि ते पलीकडे डोकावताच अंगठ्याने ओढून घ्यायचे, एवढे सगळे आपण रोज सकाळी दुसऱ्याच विचारात असताना उरकत असतो. त्या दिवशी ते काजातून पार झाले तेव्हा मी आरशासमोर एकटीच हसत उभी होते.

नवे काही जमले नाही असे दिवसही बरेच आले. तेव्हा तुम्ही म्हणालात, “कालचे आज टिकले आहे का, ते लिहा.” माझ्या दृष्टीने सारा बदल या वाक्यापासून झाला. टिकून असलेल्या गोष्टी शोधू लागल्यावर ओळी हाताबाहेर पसरू लागल्या. बादलीतल्या पाण्यावरून उठून छतावर नाचणारा कवडसा वहीत आला, आणि रात्री न सांगता माझ्या उशाशी पाणी ठेवणारे माणूसही आले.

पुढे मी याविषयी वाचले. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, तर काहींना त्रासाच्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले आणि येणाऱ्या आठवड्याविषयी अधिक आशा वाटली. मला हे पटते. पण कृतज्ञ माणसाने कुरकुर करूच नये, असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. माझ्या वहीत “आज फार दुखले” अशाही ओळी आहेत. तुम्ही त्या वाचल्यात आणि एकही खोडायला सांगितली नाहीत. दुखणे चांगल्यासाठीच असते, असेही तुम्ही मला कधी ऐकवले नाहीत.

श्रद्धा परत कधी आली, तो दिवस वहीत सापडत नाही. तळहात छातीसमोर जोडून कोपरे हळूहळू वर न्यायचा व्यायाम तुम्ही दिला होता, आणि तळहातांच्या मनगटाकडच्या बाजूंमध्ये किती फट उरते ते दर सोमवारी पाहत होतात. सुरुवातीला त्या फटीत तीन बोटे मावत. मी तो व्यायाम निव्वळ व्यायाम म्हणून करत होते. त्यातल्याच एका सकाळी, मोजता मोजता, माझे डोळे आपोआप मिटले आणि आकडे मागे राहून ओठांवर जुनी प्रार्थना आली.

हे पत्र लिहायला मी फार उशीर केला. शब्द अपुरे पडतील, तुम्हाला अवघडल्यासारखे होईल, असे वाटत राहिले. आभाराचे पत्र मिळालेल्याला होणारा आनंद लिहिणारी माणसे कमी समजतात आणि त्याचे अवघडलेपण जास्त धरतात, असे 2018 सालच्या एका संशोधनात आढळले आहे. ते वाचून मी लेखणी उचलली. तोवर तुम्ही दुसरीकडे गेला होतात आणि नवा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असे उघडे लिहिते आहे.

शेवटच्या सोमवारी तुम्ही रजेवर होतात, त्यामुळे ती नोंद तुम्ही पाहिलेली नाही. ती उजव्या हाताने लिहिली आहे: “आज फट उरली नाही.”

लोभ असावा.

तुमची एक रुग्ण