वरून बोलणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. हे पत्र कधीपासून लिहायचं होतं, पण नाईट संपली की डोळे मिटतात आणि राहून जातं. तुमचं नाव लिहीत नाही, पेशंटचं नाव गाव तर लिहायचंच नाही हे तुम्हीच शिकवलंत. पण पत्र उघड लिहितेय, कारण आमच्याकडे पेशंट बरा झाला की नातेवाईक डॉक्टरांच्या पाया पडतात, आम्हा सिस्टरांना पेढे देतात, आणि तुमच्यापर्यंत कुणीच पोचत नाही. तुम्ही पुण्यात एका खोलीत चार-पाच स्क्रीनसमोर रात्रभर बसून कॅमेऱ्यातून आमचे पेशंट बघत असता, टेली-आयसीयू म्हणतात ते, आणि इथे सिंधुदुर्गात कोणाला माहीतही नसतं की त्या बेडवर अजून एक सिस्टर ड्युटीला होती.

आधी एक मनातलं सांगते. आमच्या सहा बेडच्या आयसीयूत कॅमेरे लागले तेव्हा आम्हाला कुणालाच आवडलं नव्हतं. वाटलं की झालं, आता वरून नजर ठेवणार, कोण कधी बसलं, कोण मोबाईल बघतंय याचे रिपोर्ट जाणार. मला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, व्हेंटिलेटर म्हटलं की पोटात गोळा यायचा आणि त्यात कॅमेरा. पण तुम्ही कधीच कॅमेरा गुपचूप चालू केला नाहीत, आधी ती टिंग वाजायची, मग कॅमेरा भिंतीकडून बेडकडे वळायचा आणि तुमचा आवाज, ‘सिस्टर, आत येऊ का?’ पुण्याहून बोलताना आत येऊ का विचारणारं माणूस आपल्याला पकडायला आलेलं नसतं हे कळायला मला पंधरा दिवस लागले, त्याबद्दल मनापासून सॉरी.

आता त्या रात्रीचं. जुलै महिना, भाताची लावणी चालू, पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं. पहाटे तीनच्या सुमाराला ती मुलगी आली, बावीस-तेवीस वर्षांची, लावणीला माहेरी आलेली. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या, गावात कुणीतरी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलेलं. बीपी बरं, पल्स बरी, ऑक्सिजन ९८. ड्युटी डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले आणि मी सलाईन लावून पुढे जाणारच होते तेवढ्यात टिंग वाजलं. तुम्ही म्हणालात, ‘बाळा, ही झोपली कुठे होती विचार. जमिनीवर का?’ आई म्हणाली हो, माजघरात, चटईवर. मग तुम्ही तिला वर बघायला सांगितलंत, पापण्या अर्ध्यावरच अडकल्या. मान उचलायला सांगितलीत, उशीवरून दोन बोटंसुद्धा उचलली नाही. आणि मग ते एका श्वासात आकडे मोजणं. पहिल्यांदा अठरापर्यंत गेली, दहा मिनिटांनी अकरा, मग सात. ऑक्सिजन अजून ९७ दाखवत होता हो! मशीन सगळं ठीक म्हणत होतं आणि पोरीचा श्वास माझ्यासमोर आकड्या-आकड्याने कमी होत होता.

मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावणारा विषारी साप. दाताची खूण शोधून सापडली नाही, ना सूज, ना रक्त. मण्यारीचं असंच असतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण वाचलेलं आणि पहाटे तीनला समोर दिसलेलं यात फार अंतर असतं. तुम्ही लगेच तुमच्याकडच्या इंटेन्सिव्हिस्टना, म्हणजे आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांना स्क्रीनवर आणलंत, आमचे डॉक्टर धावत आले. एरवी इथलं सिरियस पेशंट म्हणजे गोव्याला बांबोळीचं हॉस्पिटल नाहीतर घाट चढून कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल, पण त्या पावसात अँब्युलन्समध्ये वाटेतच श्वास थांबला असता. इथेच घशातून श्वासाची ट्यूब टाकून व्हेंटिलेटरला लावायचं ठरलं.

अँटिव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा व्हायल माझ्या हातात होत्या. पावडर असते, दहा एमएल पाणी घालून विरघळवायची. मी घाईत बाटली खडाखडा हलवायला घेतली आणि तुम्ही ओरडला नाहीत, इतकंच म्हणालात, ‘हलवू नको, फेस होतो. दोन्ही तळव्यांत धर आणि पणती फिरवतो तशी फिरव.’ मी दहाच्या दहा व्हायल तशा फिरवल्या. हात थरथरत होते, पण फिरवता फिरवता थरथर कमी झाली. ॲड्रेनलीन आधी भरून ट्रेमध्ये ठेवायला लावलंत, रिअ‍ॅक्शन आली तर शोधाशोध नको. आणि डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक ऑर्डर मला मोठ्याने परत म्हणायला लावलीत. तेव्हा वाटलं इतकं काय, आज मी स्वतः ज्युनिअरला तेच करायला लावते.

सकाळपर्यंत ती पूर्ण थंडावली. हात नाही, पाय नाही, डोळे उघडत नाहीत, बाहुल्या मोठ्या आणि टॉर्चला काही रिस्पॉन्स नाही. बेडजवळच कुणीतरी म्हणालं, मेंदू गेलाय, व्हेंटिलेटरवर ठेवून पैसे कशाला घालवता, घरी न्या. कोण म्हणालं ते लिहीत नाही, त्याने आता काही होणार नाही. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, काका डामाच्या फॉर्मची, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नसताना पेशंट घरी न्यायच्या फॉर्मची चौकशी करायला काउंटरवर गेले. तेवढ्यात टिंग. तुमची ड्युटी संपून अर्धा तास झालेला, तरी तुम्हीच होतात. म्हणालात, ‘मॉनिटर बघ. ते घरी न्यायचं बोलले तेव्हा पल्स ८८ वरून १२६ वर गेली. त्यामुळेच गेली असं मी छातीठोक सांगत नाही. पण मण्यारीचं विष नसांची टोकं बंद करतं, मेंदू नाही. ती आत जागी आहे असं धरूनच चालायचं.’

मग डॉक्टरांना लाईनवर घेऊन तुम्ही तिच्या वडिलांना कॅमेऱ्यासमोर बोलवायला सांगितलंत. ते माणूस ओलं घोंगडं तसंच खांद्यावर घेऊन उभं. डॉक्टरांनी समजावलं, ते मान हलवत होते पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं. शेवटी तुमच्याकडे बघून एवढंच विचारलं, ‘तिका ऐकाक येता?’ तुम्ही म्हणालात, ‘हो दादा, येतं. तुम्हीच बोला तिच्याशी.’ ते कानाजवळ वाकले आणि लावणीचं सांगायला लागले, कुठल्या कोपऱ्यात झाली, कुठला राहिला. डामाचा फॉर्म कोराच राहिला.

त्या दिवसापासून तुमचा नियम, हात लावायच्या आधी सांगायचं. नाव घेऊन हाक मारायची, किती वाजले, कोणता वार, मी कोण, आता काय करणार. सक्शन करतेय, म्हणजे ट्यूबमधला कफ ओढून काढतेय, खोकल्यासारखं होईल. कुशीवर वळवतेय. डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने मिटतेय, कारण तुला मिटता येत नाहीत आणि बुबुळ सुकेल. दर दोन तासांनी कूस, तोंड पुसणं, डोक्याकडची बाजू तीस डिग्री वर, टाचांखाली मऊ घडी. आणि बोलायला काही सुचलं नाही तर पाऊस कसा आहे ते सांग, म्हणालात. मग मी रोज पावसाचं सांगायचे.

दुसऱ्या रात्री वीज गेली, जनरेटर लागला पण नेट गेलं, स्क्रीन काळी. आणि नेमका त्याच वेळी व्हेंटिलेटरचा हाय प्रेशरचा अलार्म. बरोबरची सिस्टर नवी होती, डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत. माझा मोबाईल वाजला, तुम्ही होतात. तुम्हाला काहीच दिसत नव्हतं, फोनमधून फक्त तो अलार्म ऐकू येत होता. ‘मशीनकडे पाठ कर, आधी पेशंट बघ. छाती दोन्हीकडून उठते का? ओठाजवळ ट्यूब किती मार्कला? नळीत पाणी साठलंय का? आता सक्शन घे.’ मी एकेक सांगत गेले. ट्यूब एकवीसलाच होती, छाती उठत होती पण कमी, नळीत पाणी होतं ते काढलं तरी प्रेशर ४२. हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग उशाशी काढून ठेवायला लावलीत. दुसऱ्या सक्शनला जाड चिकट गोळा आला आणि प्रेशर २३ वर उतरलं. तुम्ही फोनवर सुस्कारा सोडलात तो मला स्पष्ट ऐकू आला. तेव्हा कळलं की तुम्हीही घाबरला होतात, आणि तेवढा वेळ आवाजात येऊ दिलं नव्हतं. मला वाटतं नर्सिंगमधलं सगळ्यात अवघड काम ते आहे.

चौथ्या दिवशी सकाळी टिंग. ‘डाव्या पायाचा अंगठा बघ.’ मी बघितला, काही नाही. ‘थांब, बघत राहा.’ आणि हलला. तांदळाच्या दाण्याएवढा हलला असेल. तो मी बेडशेजारी उभी राहून आधी पाहिला नव्हता, तुम्ही तीन-साडेतीनशे किलोमीटरवरून झूम करून पाहिलात. सहाव्या दिवशी ट्यूब निघाली.

नंतर मी या टेली-आयसीयूबद्दल थोडं वाचलं. अमेरिकेत व्हर्जिनियात नॉरफोकला २००० साली हे पहिल्यांदा सुरू झालं, आणि तिथे एका नर्सच्या स्क्रीनवर तीस-चाळीस पेशंट असतात. आपल्याकडे कोविडमध्ये जुलै २०२० ला दिल्लीच्या एम्सने लांबच्या आयसीयूंना व्हिडिओवरून सल्ला द्यायला सुरुवात केली तेव्हा पुष्कळांना हे माहीत झालं. सर्पदंशाने भारतात वर्षाला साधारण ५८,००० माणसं जातात असा अभ्यास आहे, आणि त्यातली बरीचशी आमच्यासारख्या गावांतलीच. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या पेशंटच्या उशाशी बसून प्राझोसिनचा उपाय शोधला, म्हणजे छोट्या गावात नीट बघणारं माणूस असलं की काय होतं हे कोकणाला माहीत आहे. कॅमेरा आणि सॉफ्टवेअर कुणीही विकत घेईल, पण पलीकडे बघणारी बाई वॉर्डात पंधरा-सोळा वर्षं राबलेली नसेल तर तो कॅमेरा मण्यार ओळखणार नाही. म्हणून जे कोणी अशी सेंटर चालवतात त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की अनुभवी सिस्टरांना तिथे नीट पगार द्या, आणि त्यांच्यासमोर इतके बेड ठेवू नका की पायाचा अंगठा बघायला वेळच उरणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी तिची वेणी घालत होते तेव्हा ती बसक्या आवाजात बोलायला लागली. तिला सगळं ऐकू येत होतं ताई. घरी न्या म्हणालेलं ऐकलं होतं, कोण म्हणालं तेही तिने सांगितलं. आतून ओरडत होते म्हणाली, पण बोटसुद्धा हलत नव्हतं. बाबांचं लावणीचं ऐकलं, माझा पाऊस ऐकला. ‘बुधवारी तुम्ही उघडीप म्हणालात आणि मला तर पत्र्यावर पाऊस ऐकू येत होता,’ असंही मला म्हणाली. बरोबर होतं तिचं, मी खिडकीतून न बघताच सांगितलं होतं. आता बघून सांगते.

आणि मग विचारलं, ‘ती दुसरी बाई कोण, वरून बोलायची ती? ती बोलली की मला वाटायचं आता मला कोणी नेणार नाही.’

मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. तो तेव्हा भिंतीकडे तोंड करून होता, तुमची सुट्टी होती त्या दिवशी. तिने तरी त्याच्याकडे बघून हात जोडले.

तिच्या आईने तुमच्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणि सुके काजू दिलेत. माझ्या खोलीवर ठेवलेत. येत्या रविवारी माझा भाऊ पुण्याला येतोय, नाईट कधी आहे तेवढं कळवा, म्हणजे झोपेच्या वेळी बेल वाजवणार नाही.

तुमची,
बेड नंबर तीनची नाईटची सिस्टर