अर्जदाराने स्वतः उपस्थित राहावे : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी टपालाने एक पत्र आले. पाकिटावर आपल्या खात्याचा शिक्का होता आणि नाव आमच्या काकांचे होते. कलाकारांच्या मानधनासाठी केलेल्या अर्जात त्रुटी आढळल्या असून, अर्जदाराने पंधरा दिवसांत आवश्यक पुराव्यांसह स्वतः उपस्थित राहावे, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल, असे त्यात लिहिले आहे. काकांना जाऊन चौदा महिने झाले. आपल्याला हे ठाऊक नव्हते असे मी मानू शकत नाही, कारण देवळाच्या सभामंडपात झालेल्या शोकसभेत त्यांच्या तसबिरीला पहिला हार आपणच घातला होता. काकींचा चष्मा हाताशी नव्हता म्हणून त्यांनी ते पत्र मला वाचायला दिले, आणि 'उपस्थित राहावे' या शब्दांपुढे माझ्याने वाचवेना.

त्या सभेत आपण दोन शब्द दिले होते. काकांचे रखडलेले प्रकरण मार्गी लावून काकींना आधार देऊ, हा पहिला. आणि आमच्या रंगमंचाचे गळके छप्पर पुढच्या पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करू, हा दुसरा. साऱ्या गावाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि आज त्याचीच मला सर्वांत अधिक लाज वाटते.

काका कोण होते, हे आपल्या भाषणात नीट आले नाही, म्हणून लिहिते. गोव्यातील अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, आमच्या गावात जत्रेला आणि चवथीनंतरच्या उत्सवात मराठी नाटके होतात, त्या नाटकांचे प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेले शब्द सुचवणारे, एक्केचाळीस वर्षे काकाच होते. दिवसभर कुळागरात राबायचे, पोफळींना पाणी सोडायचे आणि दिवेलागणीनंतर तालमीला यायचे. उजव्या विंगेत एक बुटके बाकडे होते, त्यावर ते वही मांडीवर घेऊन बसत. उजेड रंगमंचावर फुटू नये म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल रुमाल बांधलेला असे. बारा वर्षांची असताना बालनाट्यात मी ऐन प्रवेशात भाषण विसरले. समोर अख्खा गाव बसला होता. काकांनी मला वाक्य दिले नाही. ते आधी हलकेच म्हणाले, "श्वास घे, बाय," आणि मग फक्त पहिला शब्द दिला. पुढे मोठेपणी मी स्त्रियांच्या नाटकांतून कामे करू लागले, तेव्हा त्यांनी त्याचे कारण सांगितले : पहिला शब्द मिळाला की पुढचे वाक्य आपसूक येते, सबंध वाक्य दिले तर नट विंगेकडे कान लावून बसतो आणि समोरचे पात्र त्याला दिसेनासे होते.

कुणाला बांबोळीच्या इस्पितळात दाखल केले की रक्त द्यायला आणि रात्री उशाशी बसायला पहिले तेच जात. करोनाच्या काळात उत्सव बंद पडले, तेव्हा पेटीवाल्याच्या आणि रंगभूषा करणाऱ्याच्या घरी तांदूळ पोचवणारे काकाच होते. याची नोंद त्यांनी कुठेच ठेवली नाही.

आणि आपले खाते त्यांच्याकडे नोंदच मागत आहे. रंगमंचावरील सहभागाची छायाचित्रे, नाव छापलेल्या हस्तपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे. महोदय, प्रॉम्प्टरचे छायाचित्र कोण काढतो? हस्तपत्रिकेत नटाचे, दिग्दर्शकाचे, नेपथ्यकाराचे, अगदी खुर्च्या पुरवणाऱ्याचेही नाव येते; त्याचे येत नाही. प्रेक्षकाला आपण दिसलो नाही आणि ऐकू आलो नाही, यातच ज्याने जन्मभर आपल्या कामाचे सार्थक मानले, त्याच्याकडे आपण दिसल्याचा पुरावा मागता!

पुरावा होता. काकांच्या साठावर प्रॉम्प्टिंगच्या वह्या रंगमंचामागच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. निळ्या शाईत संवाद आणि समासात लाल शाईत त्यांच्या खुणा : 'येथे हशा, थांबणे', 'पेटी वाजल्याशिवाय बोलू देऊ नये', आणि एका वहीत, 'हिची आई नुकतीच गेली आहे, या प्रवेशात सांभाळणे'. ती 'हिची' म्हणजे मी. या वहीची एक झेरॉक्स मी स्वतः आपल्या कार्यालयात दिली होती. ती फायलीत नाही, असे मला सांगण्यात आले. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात छपराचा कोपरा खाली आला आणि ट्रंकेत पाणी शिरले. आम्ही पोचलो तेव्हा लाल शाई पानापानांतून पसरली होती. त्यांतल्या बावीस वह्या कशाबशा वाचता येतात. त्या माझ्या ओसरीवर दोरीवर वाळत घातल्या आहेत, आणि या हवेत त्या वाळत नाहीत.

या चौदा महिन्यांत मी फोंड्याला आणि पणजीला अकरा खेपा घातल्या, बहुधा बाराही असतील. गुडघे दुखत असताना कदंबच्या बसने गेले, तासन्‌तास बाकावर बसले आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकून परतले. एका कारकुनाने मला विचारले, की प्रॉम्प्टर हा कलाकार कसा? या प्रश्नाचे उत्तर मला तिथे देता आले नाही. रडू आले. ते उत्तर मी या पत्रात देत आहे.

आपण आणि आपल्याआधीचे सारे जण व्यासपीठावर मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचे, अभिषेकीबुवांचे आणि केरीच्या केसरबाईंचे नाव घेता. केसरबाईंचा सूर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, हे प्रत्येक भाषणात येते. आम्हालाही त्याचा अभिमान आहे. पण ही कला देवळांच्या सभामंडपांत आणि गावच्या मांडांवर, म्हणजे उत्सवाच्या सामायिक जागांवर, वाढली. पडदा ओढणाऱ्यांनी, पेट्रोमॅक्स भरणाऱ्यांनी आणि विंगेत बसणाऱ्यांनी ती जगवली. महोत्सवाच्या मांडवाला पैसा असतो, फलकांवरच्या मोठाल्या छायाचित्रांना असतो. गावच्या रंगमंचाची पाळी आली की तो संपलेला असतो. सरकार कोणतेही येवो, माझ्या उभ्या आयुष्यात यात बदल झालेला मी पाहिला नाही. जे दिसते तेवढेच या व्यवस्थेला कळते.

माझे मागणे मोठे नाही. काकांच्या नावे आलेले पत्र रद्द करून, आपल्या खात्यातील एका जबाबदार माणसाने काकींच्या घरी यावे आणि त्यांची क्षमा मागावी. ज्या वह्या उरल्या आहेत, त्या वाळवून टिकवण्याचे ज्ञान असलेला कुणी तज्ज्ञ या आठवड्यात पाठवावा. पुढच्या महिन्यात त्याचा उपयोग होणार नाही. आणि छप्पर घालावे.

आमची जत्रा माघात असते. तालमी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. तोवर काम झाले नाही, तर आम्ही गावकरी वर्गणी काढून पत्रे घालू आणि काकांचे बाकडे पुन्हा उजव्या विंगेत मांडू. तसे झाल्यास त्या रात्री आपण आमच्या नाटकाला येऊ नये, ही नम्र विनंती.

आपली,
गावातील एक रहिवासी